समेवर उठणारी माणसं

मागच्या अंकात झपतालाच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेलो, की पॅरिसला लेकीकडे गेलो होतो तेव्हा तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच ऑपेरा-बॅलेची एक संध्याकाळ बघितली आणि तिथं मला लेहरा (तबल्यामागं पुन्हापुन्हा वाजत राहणारी एकच सुरावट) ऐकू आला. एवढंच वाक्य. त्यावर अकरा पत्रं आली! तबल्यावर दोन वर्षं हे सदर लिहितोय, महिन्याला तीनच्या वर पत्रं कधी आली नव्हती. तेव्हा आजचा अंक त्या एका संध्याकाळीचा. पाच पत्रं घेतली आहेत. उरलेल्या सहांपैकी चारांत पॅरिसला जायला किती खर्च येतो हे विचारलंय. तिकीट जावयानं काढलं होतं, मला खरंच माहीत नाही.

सेलूहून एक वाचक भगिनी: आम्ही दोघं निवृत्त. मुलगा फ्रान्समध्ये नोकरीला आहे, मे महिन्यात त्याच्याकडे जाणार आहोत. त्यानं जुन्या फ्रेंच ऑपेरा-बॅलेच्या कार्यक्रमाची तिकिटं काढून ठेवली आहेत. लुली आणि रामो अशी दोन नावं कळवलीत. ह्यांना गाण्यातलं कळतं, माझं भजनापुरतं. फ्रेंच दोघांनाही येत नाही. तीन तास बसवेल का? की मुलाला आत्ताच नाही म्हणून सांगू?

ताई, नाही म्हणू नका. जा. मीही घाबरतच गेलो होतो. ऑपेरा म्हणजे धिप्पाड बाई, काच तडकेल असा आवाज आणि शेवटी क्षयानं मरण, अशी माझी समजूत. ते सगळं पुढचं, एकोणिसाव्या शतकातलं. हा जुना प्रकार वेगळा. आवाज लहान, वाद्यं लहान. व्हायोलिनला आतड्याच्या तारा, बासरी लाकडाची, आणि मधोमध एक थिऑर्बो नावाचं वाद्य, ज्याची मान इतकी लांब की वाजवणारा दारातून आत येताना आडवा धरून आणतो. पेटी वाजवणाऱ्यांसाठी एक गंमत: तेव्हाच्या फ्रेंच ऑपेराचा सूर आजच्यापेक्षा साधारण एका स्वरानं खाली असायचा, आणि जुनं जसंच्या तसं वाजवणारे लोक आजही तिथंच वाद्यं लावतात. म्हणजे आपल्या पेटीची पांढरी पाच, ती त्यांची पांढरी सहा. त्यामुळे गळा ताणलेला वाटत नाही. पहिल्या पाच मिनिटांत माझे खांदे खाली आले.

नावं विचारलीत, तर लुली हा मुळात इटलीचा, फ्लोरेन्सचा. पोरवयात, १६४६ साली फ्रान्सला आला आणि पुढे चौदाव्या लुईचा उजवा हात झाला. हा राजा स्वतः नाचणारा. १६५३ साली, वय वर्षं चौदा, रात्रभर चाललेल्या एका दरबारी बॅलेत तो उगवता सूर्य होऊन नाचला, आणि ‘सूर्यराजा’ हे बिरुद त्याला कायमचं चिकटलं. लुली त्याच बॅलेत नाचणाऱ्यांत होता. नृत्य तिथं ऑपेरात नंतर घुसवलेलं नाही हे लक्षात ठेवा. उलट नाचाच्या घरात गाणं राहायला आलं. १६७३ पासून लुलीनं किनो नावाच्या कवीला घेऊन वर्षाला जवळजवळ एक असे ऑपेरे केले: आधी प्रस्तावना, मग पाच अंक, आणि प्रत्येक अंकात नाचाला हक्काची जागा. रामो त्याच्या पुढच्या पिढीचा, दिजों गावचा. आयुष्यभर देवळात ऑर्गन वाजवला, संगीतशास्त्रावर जाड जाड ग्रंथ लिहिले, आणि पहिला ऑपेरा रंगमंचावर आला १७३३ साली, पन्नाशीत. साठीला पेन्शनीचे कागद घेऊन हिंडणाऱ्या आमच्यासारख्यांना हा माणूस जरा बरा वाटतो.

भाषेची काळजी नको. प्रस्तावनेत देवदेवता येऊन एका थोर वीराचे गोडवे गातात. राजाचं नाव घेत नाहीत, पण समोर बसलेल्याला कळायचं ते कळतं. आपल्या संगीत नाटकातली नांदी समजा, फक्त नमन गणपतीला नसून पहिल्या रांगेतल्या खुर्चीला. मग कथा सुरू होते आणि पात्रं धड बोलतही नाहीत, धड गातही नाहीत. इथं आपल्याकडचे लोक कंटाळतात. तुमच्या यजमानांना सांगा, कीर्तनकार बुवा पूर्वरंगात बोलता बोलता कसे सुरात शिरतात आणि पेटीवाल्यानं नुसता सूर धरून मागं मागं जायचं असतं, तसं ऐका. शब्द जसा पडेल तशा मात्रा. मध्येच तीन, मध्येच चार. मी चाळीस वर्षं कीर्तनाला साथ केली, म्हणून मला ते ओळखीचं वाटलं.

आणि झोप आली तर लाजू नका. लुलीच्या १६७६ च्या ‘आतिस’मध्ये निद्रेचा एक प्रवेश आहे. नायकाला स्वप्नात दृष्टांत द्यायचा म्हणून प्रत्यक्ष झोपेची देवता येते. बासऱ्या दोन दोन स्वर एकमेकांत मिसळत हळूहळू झोका देतात. मी झोपलो. लेकीनं कोपर मारलं नाही, कारण तीही झोपली होती. पुढे वाईट स्वप्नं धावून येतात तेव्हा वाद्यं दणकन बदलतात आणि आम्ही दोघं एकदमच जागे झालो. तो प्रवेश माझ्यावर जसा लिहिला तसाच लागू पडला, म्हणून मी तिकिटाचे पैसे वसूल धरतो.

एक मात्र सांगतो. कार्यक्रमपत्रिकेत रामोच्या ‘ले अँद गालांत’चं नाव दिसलं तर त्यात भारत शोधू नका. आमच्या सौभाग्यवती ‘इंडिया आहे’ म्हणून कपाटातली पैठणी नेसून आल्या. निघालं काय, तर तुर्क, पेरूचे इंका, इराणी, आणि शेवटी उत्तर अमेरिकेतले आदिवासी. तेव्हा युरोपात दूरचं सगळंच ‘इंडीज’. पण पैठणी वाया गेली नाही, मध्यंतरात तीन बायकांनी पदराला हात लावून बघितला. लुई राजाच्या दरबाराइतकीच जरतार आपल्या पैठणलाही होती, हे हिनं त्यांना मराठीतच सांगितलं.

जालन्याहून सातवीतला विद्यार्थी: काका, लुली ताल देता देता मेला असं आमच्या सर म्हणाले. खरं आहे का?

खरं आहे. राजावर शस्त्रक्रिया झाली होती, तो बरा झाला म्हणून ८ जानेवारी १६८७ ला पॅरिसच्या एका चर्चमध्ये आभाराचं मोठं गायन ठेवलं. ताल द्यायला लुलीच्या हातात जड काठी होती, ती त्याच्या स्वतःच्या पायाच्या बोटावर बसली. जखम चिघळली, सडत वर गेली. नाचणारा माणूस, पाय कापू दिला नाही असं सांगतात. २२ मार्चला गेला. आजोबांना शुगर असेल तर त्यांच्या पायाचा अंगठा रोज बघत जा, बाळा. आणि ‘आमचे सर’ लिहायचं.

लातूरहून तबल्याचा विद्यार्थी: गुरुजी, पाश्चात्त्य संगीतात ताल नसतो, नुसता ठेका असतो, असं आम्हाला क्लासमध्ये शिकवलं. मग तुम्हाला लेहरा कुठं ऐकू आला? तिथं सम असते का?

तुझं पत्र आलं नसतं तर हा अंक निघाला नसता. आता नीट ऐक.

त्या संध्याकाळी लुलीच्या १६८६ च्या ‘आर्मीद’मधला पाचव्या अंकाचा तुकडा होता. आर्मीद ही दमास्कसची जादूगारीण. शत्रूपक्षाच्या वीरावर भाळली आहे, त्याला मंत्रानं महालात अडकवून ठेवलंय. तिला थोडा वेळ बाहेर जायचंय, तोवर त्याचं मन रमावं म्हणून नाचगाणं चालू ठेवते. तो नाच म्हणजे पासाकाय. खालच्या वाद्यांनी चार स्वर धरले: सा, कोमल नी, कोमल ध, प. उतरत. प्रत्येक स्वराला तीन मात्रा. चार त्रिक बारा, आणि पुन्हा सा. मी मांडीवर बोटं मोजायला लागलो. तिसऱ्या आवर्तनाला खात्री पटली. खाली तेच, वर व्हायोलिन दर खेपेला निराळं काहीतरी बोलतंय. मध्येच नुसत्या बासऱ्या, मध्येच गाणारे, आणि खालचा सारंगीवाला आपला इमानदार! अधूनमधून तोही वळण घेतो, दोन स्वर वाढवतो, तेवढं आपल्या लेहऱ्यात चालत नाही. पण जन्मभर तबल्याचे पेशकार-कायदे ऐकलेल्या माणसाला एखाद्या खोलीत डोळे मिटून बसवा, तो म्हणेल, वाजवा, मी लेहरा धरतो.

चुकलो कुठं ते सांगतो. एका आवर्तनाच्या शेवटी व्हायोलिननं असा काही तुकडा घेतला की मी समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, हात टाकला आणि ‘वाह’ निघून गेलं. मोठ्यानं. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी देवळात चप्पल घालून गेलो. तिथं दाद शेवटी द्यायची. घशात अडकलेल्या सात-आठ दादा मी तशाच घरी आणल्या.

आता सम. सम आहे, पण ती कुठं दिसते बघ. आपल्याकडे नाचणाऱ्याची सम जमिनीत जाते. पाय पडतो, घुंगरू वाजतात, तबल्याचा धा आणि टाच एकाच वेळी. मी तिथं तसंच शोधत होतो आणि सापडेना. पायात पातळ चपलेसारखे बूट, आवाज शून्य. मग एका मिन्युएटमध्ये, म्हणजे तीन-तीन मात्रांच्या दरबारी नाचात, मी गाणं सोडलं आणि फक्त एका नर्तकीच्या गुडघ्याकडे बघत बसलो. समेच्या आधीच्या मात्रेला ती गुडघ्यात वाकायची. आणि समेवर उठायची. चवड्यावर. आपली सम खाली बसते, त्यांची वर उठते! ते कळल्यावर मी अख्खा उरलेला कार्यक्रम निराळाच बघितला.

पाऊल घरी करून बघ, दार लावून. दादऱ्यासारख्या सहा मात्रा धर. वाजवणारे मोजतात तीन आणि तीन. नाचणारा त्या सहांत चार पावलं टाकतो: पहिलीला उजवं, तिसरीला डावं, चौथीला उजवं, पाचवीला डावं. दुसरी आणि सहावी रिकाम्या नाहीत, तिथं गुडघा वाकतो. म्हणजे पहिलीवर उठ, दुसरीवर वाक, तिसरीवर उठ, चौथी-पाचवी चवड्यावर नुसतं चाल, सहावीवर वाक. तोंडानं एक-दो-तीन, एक-दो-तीन म्हणत राहा. पाय आणि तोंड भांडायला लागतील. तेच भांडण बघायला लोक तिकीट काढतात, जसे आपण तिहाई, म्हणजे तीनदा वाजवलेला एकच तुकडा, समेवर कशी उतरते ते बघायला बसतो. मी लेकीच्या बैठकीत सोफा सरकवून करून बघितलं, नातवानं त्याचा व्हिडिओ काढला. तो कुणाला मिळणार नाही.

हे आज कळतं कसं? त्यांनी लिहून ठेवलं म्हणून. राजानं १६६१ सालीच नृत्याची अकादमी काढली होती. बोशां नावाच्या त्याच्या नृत्यगुरूनं पायांच्या पाच मूळ अवस्था बसवल्या, त्या आजही बॅलेच्या वर्गात पोरी पहिल्या दिवशी शिकतात. आणि १७०० साली फय्ये या माणसानं नाच कागदावर उतरवायची पद्धत छापली. मी ती पानं बघितली आहेत. वर स्वरलिपीची एक ओळ, खाली वरून बघितल्यासारखा रंगमंच, आणि त्यावर पावलांची वेलबुट्टी. वाकणं, उठणं, उडी, गिरकी, प्रत्येकाला वेगळी खूण. असे तीनशेच्या वर नाच कागदावर शिल्लक आहेत. कलावंतिणींच्या कोठ्यांवर, आपल्या फडांवर नाचून गेलेल्यांचा एक कागद कुणापाशी आहे का? मीच चाळीस वर्षांत माझ्या गुरूंचे बोल पाठ ठेवले, वही केली नाही. तू कर.

एक शेवटचं. त्यांच्या कागदावर एकसारखे लिहिलेले स्वर वाजवताना एकसारखे वाजवत नाहीत. पहिला जरा लांबवायचा, दुसरा आखडायचा. लिहिलंय सरळ, वाजतं झोल देऊन. ‘पाश्चात्त्य संगीत म्हणजे कागदावर असेल तेवढंच’ असंही तुला क्लासमध्ये शिकवलं असेल. सरांशी वाद घालू नकोस, फी भरलेली आहे.

नांदेडहून एक प्राध्यापिका, लोकनाट्याच्या अभ्यासक: त्या रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुष करत का? तमाशातल्या नाच्याशी किंवा बालगंधर्वांशी तुलना होईल का?

मॅडम, अर्धी होईल. गायला बायका सुरुवातीपासून होत्या. नाचात मात्र पॅरिसच्या ऑपेराच्या मंचावर १६८१ पर्यंत पुरुषच मुखवटे घालून स्त्रिया व्हायचे. त्या वर्षी ‘ल त्रिओंफ द लामूर’मध्ये पहिल्यांदा व्यावसायिक नर्तकी उतरल्या. दरबारात राजघराण्यातल्या बायका नाचतच होत्या, पण ती घरची मंडळी. पैसे घेऊन नाचणारी बाई मंचावर यायला वेळ लागला. हे वाक्य आपल्याकडच्या इतिहासात तुम्ही उलटं लिहाल.

तुमच्या कामाचं पात्र मात्र वेगळंच आहे. रामोचा १७४५ चा ‘प्लाते’. प्लाते ही दलदलीची राणी. बेडकांची मालकीण म्हणा. रूप यथातथा, पण आपल्यावर सगळे देव फिदा आहेत अशी तिची पक्की खात्री. ज्युनो ही देवांचा राजा जुपिटर याची संशयी बायको. तिची खोड मोडायला देव ठरवतात, की जुपिटरनं या प्लातेशी खोटं लग्न लावायचं. भर मांडवात ज्युनो येते, नवरीचा पदर ओढते, आणि थोबाड बघून हसत सुटते. नवरा-बायकोचं जमतं. प्लाते दलदलीत परत.

ही भूमिका पुरुषाची, उंच पट्टीच्या पुरुष आवाजाची. पहिल्यांदा केली ती जेलिओतनं, त्या काळचा फ्रान्समधला सगळ्यात लाडका गायक, एरवी प्रेमवीर करणारा. म्हणजे बालगंधर्वांची मोहिनी इथं नाही. इथं सोंगाड्या आणि मावशी एकाच लुगड्यात आहेत. आमच्या प्रयोगात तो गायक हिरव्या घागऱ्यात बसकण मारून बसला आणि ‘क्वा? क्वा?’ करायला लागला. फ्रेंचमध्ये ‘क्वा’ म्हणजे ‘काय’. बाई विचारतेय ‘काय? काय?’ आणि मागून व्हायोलिनं तेच ओढून डराव डराव करताहेत. मृगाच्या पहिल्या पावसानंतर आमच्या गावच्या तळ्याकाठी रात्री जे चालतं, तेच. फ्रेंच न येणारे आम्ही तिघं त्या सभागृहात सगळ्यात आधी हसलो.

आणि प्रसंग काय होता? युवराजाचं लग्न, व्हर्सायला. नवरी स्पेनची राजकन्या, आणि ती रूपानं बेताची असं तेव्हाचेच लोक म्हणत. त्या मांडवात कुरूप नवरीच्या फजितीचं नाटक! आपल्याकडे असं केलं असतं तर वरपक्ष-वधूपक्ष दोघांनी मिळून मांडव उतरवला असता. हसून झाल्यावर मला शेवट मात्र जड गेला. ती एकटी उरते, सगळे देव तिच्याभोवती फेर धरून चिडवतात. तो गायक तेवढ्यापुरता विनोद करायचा थांबला. मावशीवर कधी कुणी पूर्ण वग लिहिला आहे का, तुम्हीच सांगा.

बीड जिल्ह्यातून, ‘एक संतप्त वाचक’: आपले गोंधळी, वासुदेव उपाशी मरताहेत आणि तुम्ही परक्या राजांच्या करमणुकीवर कागद खर्च करता. लाज वाटत नाही?

थोडी वाटते. पण तुम्ही ज्यांना राजाचे लाडावलेले कलावंत समजता, त्यांचं ऐका. लुलीचा ऑपेरा पॅरिसमध्ये तिकिटावर चालायचा. राजानं दिला तो मक्ता. १६७२ साली लुलीनं ऑपेराचा परवाना मिळवला, आणि पुढच्याच वर्षी हुकूम निघाला की बाकीच्या नाटकमंडळ्यांनी दोनापेक्षा जास्त गायक आणि सहापेक्षा जास्त वादक वापरायचे नाहीत. मोलिएर हा नाटककार त्याचा जुना जोडीदार. १६७३ च्या फेब्रुवारीत तो गेला, आणि काही महिन्यांत त्याचं थिएटर लुलीला मिळालं. मोलिएरची माणसं दुसरीकडे जागा शोधत फिरली. कोण किती वाजवणार हे तिथंही कागदावर ठरत होतं.

आमच्या अंबाजोगाईला एक गोंधळी आहेत, संबळ वाजवतात. माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. गेल्या साली त्यांना एका सरकारी महोत्सवात बोलावलं. बारा मिनिटं दिली, त्यातली चार माईक लावण्यात गेली. मानधन अजून आलेलं नाही. फॉर्म दोनदा भरून मीच दिलाय. तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी ते खिशात घालून त्यांच्याकडे गेलो आणि मोबाईलवर तो पासाकाय लावला.

ते ओट्यावर बसून पूर्ण ऐकत होते. मध्येच आत जाऊन संबळ आणलं, कमरेला न बांधता तसंच पुढ्यात ठेवलं, आणि वाकड्या काडीनं खालच्या चार स्वरांवर हलकं हलकं बोलायला लागले. बारा मात्रा त्यांनी मोजल्या नाहीत, पण एकदाही चुकले नाहीत. संपल्यावर म्हणाले, “खालचा मानूस चांगला हाय. वरचे लई नटतेत.” मग विचारलं, “ह्येंला बिदागी कोन देतंय?”

मी म्हटलं, राजा देत होता. आता सरकार देतं, आणि बाकी तिकिटावर.

“टायमावर?”